फुग्यावरची दाढी

दादाच्या सलूनमधले टॉवेल माझ्या लाँड्रीत धुवायला येतात. दोन्ही दुकानं शेजारी-शेजारी आहेत. मधली भिंत इतकी पातळ की त्याचं गिऱ्हाईक शिंकलं तर मला इकडे दचकायला होतं. टॉवेल झटकल्याशिवाय मी मशीनमध्ये टाकत नाही, कारण त्यात केस असतात, कधी कंगवा असतो, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली होती. त्या दिवशी मात्र झटकल्यावर रबराचे तुकडे पडले. लाल, पिवळे, निळे. फुटलेल्या फुग्यांचे.

वाढदिवस कुणाचाच नव्हता. ते तुकडे हातात घेऊन मी उभी राहिले.

आमच्या घरात फुग्याचा एकच उपयोग. वस्तरा धरायला शिकायचा तो फुग्यावर. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो सगळा फेस असा उतरवायचा की फुगा फुटता कामा नये. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दादाला असंच शिकवलं होतं. फुगा शाबूत राहिला की मग माणसाच्या गालाला हात लावायचा. पण हे नवशिक्याचं काम. ज्याने अर्ध्या गावाच्या दाढ्या केल्या त्याने पन्नाशीत फुगा कशाला घ्यावा?

कशाला ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले आणि भिंतीला कान लावून बसले. त्याचं शटर अर्धंच वर होतं. आतून पत्र्यावर घासल्यासारखा बारीक आवाज येत राहिला आणि मग फट्! थोड्या वेळाने पुन्हा फट्! दादा रोज दुकान उघडण्याआधी स्वतःची परीक्षा घेत होता, आणि नापास होत होता.

अण्णांचंही पन्नाशीतच सुरू झालं होतं. आधी बोलणं जड झालं, जिभेवर कुणीतरी वजन ठेवल्यासारखं. मग चाल बदलली. मग हात. अण्णांनी आयुष्यात चहापलीकडे काही प्यायलं नाही, पण लोक म्हणायला लागले, म्हातारा सकाळपासूनच लावून येतो. गिऱ्हाइकं तुटली. मला आजही त्या लोकांचा राग येतो; त्यातले काही जण माझ्याकडे कपडे टाकतात आणि त्यांच्या शर्टांना मी इस्त्री जरा कमीच करते. शेवटी अण्णा दुकानाच्या पायरीवरून पडले, तेव्हा डोक्याचा फोटो काढला. घाईत असलेल्या एका डॉक्टरने सांगितलं, "मेंदूत दोन्ही बाजूंना कॅल्शियम साठलंय. याला उपाय नाही." एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

अण्णांनी ती फिल्म दुकानात आणली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. काळ्या मेंदूत दोन पांढरे डाग. खाली फळीवर तुरटीचा खडा होता, जो दाढी झाल्यावर ओला करून गालावर फिरवतात, कापलेलं असेल तर रक्त थांबावं म्हणून. अण्णांनी एकदा फिल्मकडे बघितलं, एकदा खड्याकडे. मग अडखळत म्हणाले, "हे बघा. तुरटी. हातातून वर चढली."

दुसऱ्या कुठल्या घरात हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं. पण ज्या माणसाच्या तळहातात जन्मभर पांढरा खडा होता त्याला डोक्यात पांढरं दिसल्यावर दुसरं काय सुचणार? आम्हाला सगळ्यांना ते पटलं. पटलं म्हणजे काय, बरंच वाटलं. निदान चोर सापडला होता.

अण्णा गेल्यावर दादाने तुरटी दुकानातून हद्दपार केली. त्याच्या दुकानात कापलं तर कागदाचा तुकडा चिकटवतात, तुरटी मागाल तर दुसऱ्या सलूनचा रस्ता दाखवतात. कॅल्शियम हा शब्द ऐकल्यामुळे त्याने दूध सोडलं, दही सोडलं. घराला चुना लावायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवलं. वहिनी बिचारी स्वतःचा दुधाचा चहा शेजारणीकडे जाऊन प्यायची. दादाचा दिवस दुकानात सुरू व्हायचा आणि दुकानातच संपायचा. ऊन त्याला दिसायचं ते समोरच्या आरशात. आणि या सगळ्यात जिचा बळी गेला ती भिंगरी.

भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. जागेवर बसत नाही म्हणून लहानपणी पडलेलं नाव. अण्णांचे हात गेले होते, पण डोळे होते. शाळेतून आली की ती अण्णांच्या पायाशी फुगा घेऊन बसायची. ते जड जिभेने सांगायचे, "कोन... कोन बघ," आणि ती वस्तऱ्याचा कोन बदलायची. अण्णांचे फुगे फुटायचे, तिचे नाही. मी बघितलंय ते. असा हात आमच्या घराण्यात कुणाचाच नव्हता, दादाचाही नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण अण्णा गेले त्याच आठवड्यात दादाने तिच्या हातातून वस्तरा काढून घेतला. "हा धंदा डोक्यात दगड भरतो. तू यात यायचं नाही. विषय संपला." ती रडली, भांडली, चार दिवस जेवली नाही. आता ती कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारते आणि घरी येऊन बापाशी कामापुरतंच बोलते.

आणि इतकं करून दादाचे फुगे फुटत होते.

मी त्याला विचारलं नाही. मला भीती वाटत होती की विचारलं तर तो खरं सांगेल. तो अण्णांचा मुलगा, तशी मीही अण्णांचीच मुलगी. तेव्हापासून मी रोज चहाचा कप काठोकाठ भरून घ्यायला लागले. तो न सांडता टेबलापर्यंत नेला की माझा दिवस सुरू व्हायचा. एकदा सांडला, तर मी दिवसभर कुणाशी बोलले नाही, जीभ जड लागेल या भीतीने. लाँड्रीतली गिऱ्हाइकं म्हणाली, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं. माझं लग्न न होण्याचं कारण माझी जीभ, असं दादा नेहमी म्हणतो. ती जीभ मी त्या दिवशी दातामागे धरून बसले होते.

मग मास्तरांची दाढी आली.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, दादाचे जुने गिऱ्हाईक. दाढी करताना झोपणारे. मी धुतलेले टॉवेल घेऊन आत शिरले तेव्हा मास्तरांची मान मागे टेकलेली होती, गळ्यावर फेस होता, आणि दादा वस्तरा त्यांच्या गळ्याला लावून नुसता उभा होता. हलत नव्हता. मला वाटलं काहीतरी विचार करतोय. मग मी आरशात त्याचा चेहरा बघितला. घामाने डबडबलेला होता. तो माझ्याकडे बघून फक्त ओठांनी म्हणाला, "सुटत नाहीये."

त्याची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली होती, अंगठा तळहातात ओढला गेला होता आणि मध्ये वस्तऱ्याची मूठ अडकली होती. खाली मास्तरांचा गळा. मास्तर घोरत होते. टॉवेल खाली टाकून मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आधी आख्खा हात उचलून गळ्यापासून लांब नेला आणि मग एकेक बोट सोडवलं. लाकडासारखी बोटं. वस्तरा जमिनीवर पडला तेव्हा मास्तर जागे झाले.

"झाली का?" त्यांनी विचारलं.

"अर्धी झाली," मी म्हणाले. "उरलेली उद्या."

"उद्या कशाला?"

"अहो मास्तर, जीव वाचला त्याचा आनंद माना आणि तोंड धुवा."

शटर ओढल्यावर दादा खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. ओठांभोवती मुंग्या येतात, हाताला गोळे येतात, कधीपासून चाललंय, सगळं तेव्हा बाहेर पडलं. "आलं गं ते," तो म्हणत होता. "मी तर मुंग्या आल्यावर पालेभाजीसुद्धा सोडली, त्यातही कॅल्शियम असतं म्हणून. तरी आलं." मी त्याला धीर द्यायला हवा होता. पण मीच थरथरत होते. आम्ही दोघं एकमेकांचे हात धरून बसलो, आणि कुणाचा हात कुणामुळे हलतोय ते कळत नव्हतं.

मी त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, मेंदूच्या, मोठ्या हॉस्पिटलमधल्या. त्यांना घाई नव्हती हे पहिलं बरं झालं. त्यांनी अण्णांचं सगळं ऐकून घेतलं, तुरटीचंही. हसल्या नाहीत. मग दादाच्या कानापुढे गालावर बोटाने हलकेच टिचकी मारली. दादाचा ओठ टुणकन उडाला. मग रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधला, फुगवला आणि तसाच ठेवला. थोड्या वेळात त्याची बोटं पुन्हा तशीच ताठ झाली, अंगठा आत. मी ओरडले. बाईंनी शांतपणे पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "हा तुमच्या वडिलांचा आजार नाही. रक्तातलं कॅल्शियम फार कमी झालंय, त्याचे हे गोळे आहेत. आजच सलाइनमधून थोडं देऊ. तुम्ही दूध किती पिता?"

मी म्हणाले, "दूध? त्याने वर्षानुवर्षं दुधाचं तोंड बघितलं नाही."

"आणि उन्हात?"

"ते फक्त आरशातलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. साप साप म्हणून आम्ही भुई धोपटत होतो, आणि भुई म्हणजे दादाचंच अंग. मला हसू यायला लागलं, थांबेना. इतकं सोपं! दूध, गोळ्या, ऊन. मी बाईंना म्हणाले, "तुमच्या तोंडात साखर पडो." त्या म्हणाल्या, "थांबा. वडिलांचं ऐकल्यावर डोक्याचा फोटो काढायलाच हवा. गळ्यातल्या एका ग्रंथीचीही तपासणी करू. ती बिघडली तरी मेंदूत असं साठतं, आणि त्यावर औषध असतं."

त्या ग्रंथीवर मी सगळा भरवसा टाकला. आयुष्यात कुणाच्या ग्रंथीसाठी एवढी प्रार्थना केली नव्हती. ग्रंथी ठणठणीत निघाली. आणि फोटोत ते होते. अण्णांच्यापेक्षा लहान, पण त्याच जागी, दोन्ही बाजूंना. पांढरे. मग आजार वंशातून आलाय का ते तपासायला रक्त पाठवलं आणि तिथेही तेच निघालं. आगीतून फुफाट्यात.

बाईंनी समजावून सांगितलं. मी ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर एका पोरीचं आयुष्य वेगळं झालं असतं. "पेशींना फॉस्फेट आत घ्यायला दारं असतात. तुमच्यात त्यातली साधारण अर्धी दारं जन्मापासूनच चालत नाहीत. मग बाहेर राहिलेलं फॉस्फेट कॅल्शियमला धरून बसतं आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत त्याचे कण जमतात. हे खाण्यातून येत नाही. वडिलांकडून आलंय. आणि तुरटीत तर कॅल्शियम नसतंच."

"नसतंच?" दादा म्हणाला.

"नसतंच."

त्याचा चेहरा असा झाला की जणू बाईंनी त्याच्या घरातलं कुणी गेल्याचं सांगितलं.

"काढता येतं का हे?" त्याने विचारलं.

"आज नाही. साठलेलं विरघळवणारं खात्रीचं औषध अजून नाही. बिघडलेल्या जनुकाचं काम वाढवता येईल का, यावर संशोधन चाललंय, पण ते माणसांपर्यंत कधी येईल ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. हात कापायला लागले, फिट आली, मन खचलं, तर त्या त्या गोष्टीवर औषधं आहेत. काहींना गुण येतो, काहींना कमी येतो. आणि हेही ऐका. असे फोटो घेऊन कितीतरी लोक म्हातारे होतात आणि त्यांना काहीही होत नाही. तुमचे गोळे कॅल्शियम भरून आलं की थांबतील. पुढचं पुढे बघू."

"मुलगी आहे मला," दादा म्हणाला.

"प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. असेल किंवा नसेल." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भावंडांनाही तेवढीच."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तिथे काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती. मी ती टाकी नीट बघून घेतली.

बाहेरच्या बाकावर दादा उन्हात बसला, तोंड वर करून, औषध घेतल्यासारखा. मग म्हणाला, "भिंगरीला तुरटीच सांग."

"काय?"

"तुरटीमुळे झालं असंच सांग. ती धंद्यात नाही, म्हणजे तिला काही होणार नाही असं तिला वाटेल. वाटू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुझी झाकलेली मूठ मी त्या दिवशी मास्तरांच्या गळ्यावर बघितली," मी म्हणाले. "लाख सोड, दमडीची नव्हती."

पण खरं सांगते, माझी जीभ नुसती वळवळली, मन त्याच्याच बाजूला होतं. तुरटी बरी होती. तुरटीपासून पोरीला लांब ठेवता येत होतं. धंद्यातून हाताला धरून बाहेर काढता येतं, रक्तातून कसं काढणार? मी म्हणाले, ठीक आहे, नाही सांगत.

गोळ्या सुरू झाल्या, दूध सुरू झालं. बाईंनी वस्तरा इतक्यात धरायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून शटर खालीच होतं. गिऱ्हाइकं पांगायला लागली. मास्तर तेवढे रोज येऊन बंद शटरकडे बघून जायचे, वाढलेली दाढी खाजवत. दादाची स्वतःची दाढीही वाढली, आणि ती दुसऱ्या कुणाकडून करून घेणं म्हणजे त्याच्यासाठी मरणच.

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी आली आणि तिने शटर वर केलं. "बाबा, बसा."

"तू?"

"मग काय मास्तरांना बोलावू? बसा."

तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, तो बसला. मी टॉवेल आणून दिला आणि जाते म्हणून तिथेच रेंगाळले. तिने ब्रश फिरवला, फेस केला, अण्णांचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा ओढला आणि त्याच्या उजव्या गालावर लावला. आवाजसुद्धा आला नाही. फेस निघत गेला आणि खालून स्वच्छ गाल येत गेला. इतक्या वर्षांत पाकिटांवर शिक्के मारूनही तो हात तसाच होता. दादा आरशात बघत होता. गालाकडे नाही, हाताकडे. मीही हाताकडेच बघत होते. आमच्या दोघांच्या मनात काय चाललंय ते तिला कळलं असावं.

तिने वस्तरा गळ्याशी आणला आणि विचारलं, "बाबा, एक सांगा. तुरटीमुळे होतं ना? मग तुम्हाला कसं झालं? तुम्ही तर अण्णा गेल्यापासून तुरटीला शिवला नाहीत."

दादाचा कंठ वर-खाली झाला.

"गिळू नका. कापेल."

मी म्हणाले, "अगं भिंगरे, आधी दाढी तर होऊ दे—"

"आत्या, तू गप्प बस. मी बाबांना विचारतेय."

दादाने डोळे मिटले. "तुरटी नव्हती," तो म्हणाला. "तुरटीत काही नसतंच म्हणे. अण्णांच्या रक्तात होतं, माझ्यात आलं. तुझ्यात असेल, नसेल. अर्धं-अर्धं. मी तुला धंद्यातून काढलं ते उगाच काढलं गं. आणि ज्यातून काढायला हवं होतं, त्यातून मला काढता येत नाही."

वस्तरा हलला. जबड्याखाली पांढऱ्या फेसात एक लाल रेघ उमटली, बारीक, मग जाड. आम्ही तिघांनी तिच्या हाताकडे बघितलं. हात कापत होता.

ते भीतीचं कापणं होतं की दुसरं, हे सांगणारा त्या खोलीत कुणी नव्हता. दादाचा चेहरा पांढरा पडला, आणि तो रक्त गेल्यामुळे नव्हे.

भिंगरीने स्वतःच हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. मग म्हणाली, "असं काही ऐकल्यावर कुणाचाही कापेल. तुरटी कुठंय?"

दुकानात तुरटी कुठली? मी धावत सुटले. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून मुठीएवढा खडा आणला. दारात येताना मला धाप लागली होती, म्हणून मी तो लांबूनच तिच्याकडे टाकला आणि तिने झेलला. खडा ओला केला आणि दादाच्या गळ्यावर दाबला. इतक्या वर्षांनी. दादाच्या तोंडून "स्स" निघालं, पण त्याने मान हलवली नाही. रक्त थांबलं.

"तपासून घ्यायचं की नाही ते माझं मी ठरवीन," भिंगरी म्हणाली. "आणि या खुर्चीचंही मीच ठरवीन. तुम्ही दोघांनी माझ्या वतीने फार ठरवलंत. आता मान इकडे करा." मग तिने डावा गाल घेतला. हात आधी थोडा हलला, मग थांबला, आणि शेवटपर्यंत थांबलेलाच राहिला.

आता ती सलूनमध्ये दुसरी खुर्ची चालवते. मास्तर तिच्याच खुर्चीत झोपतात. दादाचे गोळे गेले, वस्तरा परत हातात आला. सकाळी भिंतीपलीकडून फुगे फुटल्याचे आवाज येत नाहीत, तरी मी कान लावते. भिंगरीने अजून रक्त दिलेलं नाही. मीही दिलेलं नाही. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी माझ्या इस्त्रीच्या टेबलाच्या खणात आहे. मला भीती वाटते, एवढं साधं कारण आहे.

मी टॉवेल द्यायला गेले की उगाच थांबते. ती फेस उतरवता उतरवता खेकसते, "आत्या, गिऱ्हाइकाकडे बघ. माझ्या हाताकडे काय बघतेस?"

मी टॉवेल पुढे करते. तो घेताना ती माझ्या हाताकडे बघते.